घातक कचरा अवकाशात पाठवता येईल का? एका ट्रेनीच्या प्रश्नाला उत्तर

४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त, भोसरीतल्या एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, कारखान्यात मी घातक कचऱ्याच्या हाताळणीवर प्रशिक्षण घेत होते. शेवटी ‘काही शंका?’ असं विचारल्यावर मागच्या रांगेतल्या एका डिप्लोमा ट्रेनीने हात वर केला. तो म्हणाला, ‘‘मॅडम, रांजणगावला नेऊन पुरा, सिमेंटच्या भट्टीत जाळा, मग तीस-तीस वर्षं त्या जागेवर पहारा ठेवा. त्यापेक्षा रॉकेटमध्ये भरून सूर्यात टाकून दिलं तर? इस्रो चंद्रावर पोचली. माझी आत्या फुरसुंगीला राहते. तिच्या विहिरीचं पाणी आम्ही कधी प्यायलो नाही. हे सगळं पृथ्वीवर ठेवायचंच कशाला?’’

हॉलमध्ये थोडा हशा झाला आणि तो खाली बसला. मला ते आवडलं नाही, कारण प्रश्न मनापासून आला होता. जेवणाची वेळ झाली होती, दोन मिनिटांत उरकण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून लिहून देते म्हटलं. या कामात मला सव्वीस वर्षं झाली. चाकण, रांजणगाव, कुरकुंभ, भोसरी इथल्या कारखान्यांचा कचरा मोजणं, वेगळा करणं आणि रवाना करणं यातच ती गेली. तेव्हा रॉकेटकडे मी कचऱ्याच्या बाजूने बघणार, हे आधी सांगते.

बाळा, सुरुवात तुझ्याच शॉपच्या मागून करू. तिथे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे, तिथल्या ऑपरेटर काकांबरोबर एक पूर्ण शिफ्ट उभा राहा. हार्ड क्रोमच्या टाकीतून येणारं धुण्याचं पाणी पिवळं असतं. तो रंग हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचा, आणि हे क्रोमियम कॅन्सर करणारं. काका आम्ल घालून पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, दोन-अडीचवर आणतात, सोडियम मेटाबायसल्फाईट टाकतात, ढवळत राहतात. नाकाला झिणझिण्या आणणारा गंधकाचा वास येतो आणि बघता बघता पाण्याचा पिवळा रंग जाऊन हिरवा येतो. म्हणजे क्रोमियम त्याच्या कमी विषारी रूपात आलं. मग चुना घालून पीएच साडेआठच्या आसपास चढवला की हिरवट राखाडी गाळ खाली बसतो. तो फिल्टर प्रेसमध्ये दाबायचा. प्लेटा सरकवल्या की गाळाच्या वड्या थपाथप ट्रॉलीत पडतात, त्याला आपण केक म्हणतो. हातमोजा घालून एक वडी मोडून बघ, हाताला कोरडी लागते. पण तीच शंभर ग्रॅम वडी १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवली, तर सकाळी तीस-पस्तीस ग्रॅमच भरते. बाकी सगळं पाणी. उरलेल्या तीस-पस्तीस ग्रॅममध्येही चुना असतो, लोखंड असतं, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते क्रोमियम त्यातला एक लहान हिस्सा.

म्हणजे बॅरलवर ‘घातक कचरा, २०० किलो’ असं लेबल असतं तेव्हा त्यातलं बहुतेक वजन निरुपद्रवी पदार्थांचं असतं. ट्रकने नेताना याचा फटका खिशाला बसतो. रॉकेटने न्यायचं म्हटलं तर मामला तिथेच संपतो. कसा ते आकड्यांत बघ.

आपलं सगळ्यात ताकदवान रॉकेट एलव्हीएम-३. उड्डाणाच्या वेळी त्याचं वजन ६४० टन. पृथ्वीजवळच्या कक्षेत ते साधारण ८ टन नेतं. १४ जुलै २०२३ ला त्याने चांद्रयान-३ नेलं, ते ३.९ टनांचं. आणि तेसुद्धा रॉकेटने चंद्रापर्यंत पोचवलं नाही. लांबट कक्षेत सोडून दिलं, पुढची वाट यानाने स्वतःचं इंधन जाळत कापली. तरी तुझ्या बाजूने झुकतं माप देऊन धरू की एका उड्डाणात ४ टन कचरा पृथ्वीपासून कायमचा दूर गेला. भारतात कारखान्यांचा घातक कचरा वर्षाला १ कोटी टनांच्या वरच आहे, १ कोटी धरू. भागाकार केला तर वर्षाला २५ लाख उड्डाणं येतात. दिवसाला सहा हजार आठशेच्या वर, म्हणजे दर बारा-तेरा सेकंदाला एक. २०२४ या पूर्ण वर्षात सगळ्या देशांनी मिळून अडीचशेच्या आसपास उड्डाणं केली.

पुण्याच्या घराघरातला कचरा मी यात धरलेलाच नाही. तो दिवसाला दोन हजार टनांहून जास्त आहे.

आता सूर्याचं. सूर्य एवढा मोठा, त्याची ओढ एवढी, मग नुसतं सोडलं की आपोआप जाऊन पडेल, असं जवळपास सगळ्यांना वाटतं. मलाही कॉलेजात असताना वाटायचं. गावाकडे ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवताना बघितली आहेस का? गरगर फिरणारा दगड राखणदाराच्या हाताला दोरीने बांधलेला असतो, तरी तो हातात येऊन पडत नाही. सोडला की लांब भिरकावला जातो. तो हातावर यायला हवा असेल तर आधी त्याचं फिरणं थांबवावं लागेल. आपण सगळे त्या गोफणीतल्या दगडावर बसलो आहोत. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, आणि इथून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूला हा वेग जन्मजात मिळतो. सूर्यात पाडायचं म्हणजे तो जवळजवळ सगळा मारायचा.

पृथ्वीजवळच्या कक्षेतून निघून थेट सूर्यात पडायला वेगात सेकंदाला सुमारे २१ किलोमीटरचा बदल करावा लागतो. त्याच कक्षेतून सूर्यमालेच्या पार बाहेर जायला ९ किलोमीटरसुद्धा लागत नाहीत. हे पहिल्यांदा कागदावर सोडवलं तेव्हा मी दोनदा तपासलं होतं. सूर्यात टाकण्यापेक्षा ताऱ्यांच्या दिशेने भिरकावून देणं सोपं आहे.

आणि हा २१ चा आकडा सरळ व्याजाने वाढत नाही, चक्रवाढीने वाढतो, कारण पुढे जाळायचं इंधनसुद्धा आधी वाहून न्यावं लागतं. उत्तम क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनाच्या) इंजिनातला वायू सेकंदाला ४.४ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो असं धरलं, तर १ टन कचऱ्यामागे कक्षेत सव्वाशे टन इंधन आधी नेऊन ठेवावं लागेल. टाक्या, इंजिन, पेटी यांचं वजन शून्य धरून हा आकडा आहे. आणि एलव्हीएम-३च्या हिशेबाने १ टन कक्षेत न्यायला जमिनीवर ८० टनांचं रॉकेट लागतं. गुणाकार केलास तर १ टन गाळासाठी १० हजार टनांची रॉकेटं.

यातून पळवाट आहे, ती म्हणजे दुसऱ्या ग्रहांच्या जवळून जाऊन त्यांच्या गुरुत्वाकर्षणाने वेग कमी करून घेणं. नासाच्या पार्कर यानाने तेच केलं. १२ ऑगस्ट २०१८ ला ते डेल्टा-४ हेवी या प्रचंड रॉकेटवरून निघालं, यानाचं वजन ७०० किलोच्या आत. सहा वर्षांत शुक्राजवळून सात वेळा गेलं आणि २४ डिसेंबर २०२४ ला सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर पोचलं. त्याहून जवळ माणसाने बनवलेली दुसरी वस्तू गेलेली नाही, आणि तीही सूर्यात पडलेली नाही. आपलं आदित्य-एल१ सूर्याचं नाव घेऊन निघालं, त्याच्यावरची सूट ही दुर्बीण आपल्या पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बांधली. ते १५ लाख किलोमीटरवर थांबून सूर्याकडे बघतं. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे.

इथपर्यंतचा अडथळा पैशाचा आणि इंधनाचा झाला. मला खरी काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची.

रॉकेट कधी ना कधी पडतं. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१च्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाला आणि उपग्रह गेला. ३१ ऑगस्ट २०१७ ला सी३९च्या वेळी वरचं कवच वेगळंच झालं नाही, उपग्रह आतच अडकून राहिला. पीएसएलव्ही हे जगातल्या भरवशाच्या रॉकेटांपैकी एक मानलं जातं, आणि ज्यांनी ते घडवलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. त्याच्या मोटर केसिंग आपल्याच जिल्ह्यात, वालचंदनगरला बनतात. एवढी काळजी घेऊनही शंभरातली काही हातची जातात. उपग्रह गेला तर वर्षांची मेहनत आणि पैसा जातो. उपग्रहाच्या जागी ४ टन आर्सेनिकचा गाळ असता तर तो वातावरणात कुठे विखुरला हे कुणी सांगू शकलं नसतं. वरच्या २५ लाख उड्डाणांत शंभराला एक धरलं तरी वर्षाला २५ हजार अपघात होतात.

असं घडून गेलेलंही आहे. २१ एप्रिल १९६४ ला अमेरिकेचा जहाजांना दिशा दाखवणारा एक उपग्रह कक्षेत पोचू शकला नाही. त्याच्यावर विजेसाठी सुमारे १ किलो प्लुटोनियम-२३८ होतं. ते वातावरणात उंचावर जळून गेलं आणि त्याचे कण पुढे जगभरच्या हवेच्या नमुन्यांत सापडत राहिले. २४ जानेवारी १९७८ ला सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तरेला कोसळला. त्याचे किरणोत्सारी तुकडे सुमारे ६०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात बर्फावर विखुरले. कॅनडा आणि अमेरिकेची पथकं कडाक्याच्या थंडीत महिनोन्‌महिने मोजमाप यंत्रं घेऊन फिरली. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर भरपाई मागितली, पदरात पडले ३० लाख.

एवढ्या लांब कशाला जायचं? २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेघा बघितल्या. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. एका चिनी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असं अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्यांनी ताडलं. कुणाला इजा झाली नाही. ते कडं नुसतं धातूचं होतं.

तू विचारशील, मग पडली तरी फुटणार नाही अशी पेटी का करत नाही? करता येते. १९६४ नंतर अमेरिकेने हेच धोरण घेतलं. १९७० मध्ये अपोलो-१३ चंद्रावर न उतरताच परतलं तेव्हा त्याच्या चंद्रावर उतरायच्या यानावरची प्लुटोनियमची नळी प्रशांत महासागरात, टोंगाच्या खोल गर्तेजवळ गेली. नंतरच्या तपासणीत गळती आढळली नाही. पण ते ४ किलोच्या आतलं इंधन होतं. टनांनी माल असेल तर पेटीच मालाला खाऊन टाकते. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन जमिनीवर ठेवायचं कोरडं पिंप भरल्यावर १०० टनांच्या पुढे जातं, त्यात इंधन असतं दहा-पंधरा टन.

आता तुझ्या कल्पनेची जी बाजू खरी भक्कम आहे, ती मांडते. सगळा कचरा सोडून दे. फक्त सगळ्यात वाईट, सगळ्यात टिकाऊ आणि वजनाने कमी असा कचरा घेतला तर? असा एकच उमेदवार आहे, अणुऊर्जेतला उच्च किरणोत्सारी कचरा. जगातल्या अणुभट्ट्यांमधून वर्षाला सुमारे १० हजार टन वापरलेलं इंधन बाहेर पडतं. साध्या पाण्यावरच्या भट्टीचं असेल तर त्यातलं जवळपास ९५ टक्के युरेनियमच असतं, आणि खरा जहाल भाग तीन-चार टक्के. तो वेगळा काढला तर सगळ्या जगाचा मिळून वर्षाला ३००-४०० टन. ट्रेनच्या सहा-सात डब्यांचा माल. म्हणूनच १९७०च्या दशकात आणि १९८०च्या सुरुवातीला नासाने अमेरिकेच्या ऊर्जा खात्याबरोबर याचा गंभीरपणे अभ्यास केला. त्यांनी सूर्य निवडला नाही. पृथ्वी आणि शुक्र यांच्या मधल्या, सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या ०.८५ पट अंतरावरच्या कक्षेत पेट्या सोडायच्या, असं ठरवलं होतं, कारण तिथे पोचायला इंधन फार कमी लागतं. न्यायचं होतं स्पेस शटलने. १९८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून जमिनीखाली खोल पुरण्याचा मार्ग धरला. पुढे २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे शटल उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी फुटलं. त्यात सात माणसं होती. त्या जागी कचऱ्याची फेरी असती तर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर काय पसरलं असतं, हा विचार त्यानंतर कुणाला टाळता आला नसणार.

या अभ्यासातली एक गोष्ट माझ्या कामाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. कचरा रॉकेटमध्ये चढवण्याआधी त्यांना काय काय करावं लागणार होतं ते बघ. आधी इंधन विरघळवून त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम बाजूला काढायचं. उरलेल्याचं पाणी घालवायचं. मग धातू आणि सिरॅमिकच्या मिश्रणात ते असं बंदिस्त करायचं की ते विरघळणार नाही, उडणार नाही, तापलं तरी फुटणार नाही. हे सगळं साधलं की तुझ्या हातात एक कोरडा, घट्ट, वितळायला कठीण असा ठोकळा येतो. आणि असा ठोकळा हातात आल्यावर त्याला रॉकेटमध्ये बसवायची गरजच उरत नाही. तो खडकात ठेवता येतो.

आपल्याकडे तारापूर, तुर्भे (ट्रॉम्बे) आणि कल्पाक्कम इथे हेच करतात. जहाल द्रव बोरोसिलिकेट काचेत वितळवून मुरवायचा, काच स्टीलच्या डब्यात ओतायची, डबे हवेने थंड राहणाऱ्या तळघरात ठेवायचे. फिनलंडमध्ये ऑनकालोला ४०० मीटरपेक्षा खोल, सुमारे १९० कोटी वर्षं जुन्या खडकात बोगदे खोदलेत. तिथे तांब्याच्या पिंपात इंधन ठेवायचं, पिंपाभोवती फुगणाऱ्या बेंटोनाईट मातीचा थर द्यायचा. खडक कुठे कोसळत नाही आणि त्याला इंधन लागत नाही.

शिवाय खाली ठेवलेलं परत काढता येतं. भाभा अणुसंशोधन केंद्राने याच कचऱ्यातून सीझियम-१३७ वेगळं काढून त्याच्या काचेच्या कांड्या केल्या. त्या रक्तपेढ्यांतल्या यंत्रांत बसतात. रक्त चढवण्याआधी त्यावर किरण सोडावे लागतात, त्यासाठी. आज ज्याला आपण कचरा म्हणून भिरकावून देऊ त्याचा उद्या रुग्णाला उपयोग होणार असेल, तर ते सूर्यमालेबाहेर जाऊन चालणार नाही.

रॉकेट स्वस्त झाली तर? होतीलच, होत आहेत. आजच्या घडीला स्वस्तातल्या स्वस्त रॉकेटनेही पृथ्वीजवळच्या कक्षेत एक किलो न्यायला लाखाच्या पटीत रुपये लागतात, आणि तोच किलो इथे भट्टीत नीट जाळायला दोन आकडी. समजा ही दरी उद्या मिटली. तरी गोफणीचं गणित बदलत नाही आणि पडण्याचा धोकाही शून्य होत नाही. त्यात रॉकेट स्वतःच माझ्या यादीतली वस्तू आहे. एलव्हीएम-३च्या दोन बाजूंच्या बूस्टरमध्ये प्रत्येकी २०० टनांहून जास्त घन इंधन असतं. त्यात अमोनियम परक्लोरेट, आणि ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. मधल्या टप्प्यात हायड्रेझिन गटातलं इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साईड. यातलं काहीही तुझ्या कारखान्यात आलं, तर मी गेटवरच सगळ्यांना थांबवून आधी मास्क वाटेन. उपग्रहासाठी हे सोसणं समजू शकते. गाळासाठी नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. १९६७च्या बाह्य अवकाश करारात अवकाश आणि खगोलीय वस्तू हानिकारक रीतीने दूषित न करण्याची अट आहे. १९७२च्या दायित्व कराराप्रमाणे रॉकेट पाठवणाऱ्या देशाची वस्तू जमिनीवर पडून नुकसान झालं, तर चूक कुणाची हे न बघता भरपाई त्याच देशाने द्यायची. भारत दोन्हीत आहे.

या प्रवासात रॉकेटपर्यंतचा रस्ताही येतो, आणि त्याचा विचार सहसा कुणी करत नाही. भोपाळच्या बंद कारखान्यातला ३३७ टन कचरा चाळीस वर्षं तिथेच पडून होता. १ जानेवारी २०२५ च्या रात्री तो १२ कंटेनरमध्ये भरून, वाहतूक अडवून, सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरला नेला. तिथले लोक रस्त्यावर उतरले. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. आधी थोडा थोडा जाळून चाचण्या झाल्या, मग २०२५च्या मध्यापर्यंत सगळा जाळून झाला, आणि उरलेली राख कुठे पुरायची हा वाद परत न्यायालयात गेला. ३३७ टन एका डांबरी रस्त्यावरून न्यायला एवढं लागलं. आपल्या रांजणगावच्या केकने श्रीहरिकोट्यापर्यंत जायचं म्हणजे तीन राज्यांतून, किती गावांच्या वेशीवरून जावं लागेल ते नकाशावर बघ.

एक प्रसंग सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी, पुण्याजवळच्या एका कारखान्यात, एप्रिलच्या दुपारी मी यार्डात फेरी मारत होते. बॅरलच्या रांगेतून ‘टक्’ असा आवाज आला. थोड्या वेळाने परत टक्. निळ्या रंगाचा एक लोखंडी बॅरल, लेबल ‘वापरलेलं सॉल्व्हंट’, आणि त्याचं सपाट झाकण मधोमध फुगून वर आलेलं. जवळ जाऊन हात लावायची इच्छा होते अशा वेळी. तो मोह आवरला पाहिजे. आम्ही सगळ्यांना बाहेर काढलं, लांबून नळीने पाणी मारत बॅरल थंड ठेवला, रात्र तशीच काढली. दुसऱ्या दिवशी जाणकारांनी लांब दांड्याने बुच सैल केलं तेव्हा तांबूस तपकिरी धूर सुसाट बाहेर आला. सॉल्व्हंटच्या बॅरलमध्ये कुणीतरी नायट्रिक आम्लाचं उरलेलं पिकलिंगचं (धातू आम्लात धुण्याचं) पाणी ओतलं होतं. चौकशी केली तर कळलं, शिफ्ट संपत आली होती, आम्लाच्या शेडला कुलूप होतं, किल्ली सुपरवायझरकडे, आणि तो घरी गेलेला. हातात एक बादली उरली होती. हा बॅरल जवळ होता.

त्या एका बादलीने दोन साधे, ठरल्या मार्गाने जाणारे कचरे मिळून असं काहीतरी झालं की जे ना भट्टीत घालता येत होतं, ना आम्लाच्या टाकीत. अशा बॅरलला रॉकेटचा हादरा आणि तळापासूनचा गडगडाट सोसवेल का, याचं उत्तर तुलाच कळलं असेल. वर पाठवायचं असो की खाली ठेवायचं, आत काय आहे हे आधी माहीत हवं. म्हणून मी प्रत्येक प्रशिक्षणात शेडच्या किल्लीबद्दल पाच मिनिटं बोलते. त्या दिवशी तुम्हाला कंटाळा आला असेल.

आता तुझ्या आत्याची विहीर. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उघड्यावर पडला. खाली अस्तर नव्हतं. ओला कचरा कुजायचा, त्यात पाऊस, आणि त्यातून काळं पाणी निघायचं. आपला काळा पाषाण वरून अभेद्य दिसतो, पण त्याला फटी असतात, वर मुरूम असतो. ते पाणी त्यातून विहिरींत उतरलं. गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा पुण्यात अनेकांना आपली गैरसोय आठवली. मला ते आजही खुपतं. कायद्याच्या भाषेत तो कचरा ‘घातक’ नव्हता, घरगुती होता. पण त्यात फुटक्या ट्यूबलाईट होत्या, सेल होते, रंगाचे डबे होते, कीटकनाशकाच्या बाटल्या होत्या. रॉकेट असतं तरी त्या विहिरीला फरक पडला नसता, कारण रॉकेटमध्ये काय चढवायचं हे वेगळं करणारं घरांत कुणी नव्हतं. फरक दोन गोष्टींनी पडला असता. एक, डेपोखाली दाबलेली माती आणि एचडीपीई या जाड प्लास्टिकचं अस्तर, त्यावर जमणारं पाणी उपसणारा पंप. घातक कचऱ्याच्या आजच्या लँडफिलला हे दुहेरी करावं लागतं, आणि बंद केल्यावरही तीस वर्षं आसपासचं भूजल तपासावं लागतं. ज्या पहाऱ्याला तू कंटाळलास तो हाच. दुसरं, ओला-सुका दारातच वेगळा करणं. आपल्या शहरात कचरावेचक ताईंनी सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला लोकांना सांगितलं. वर्गीकरणाच्या कामात एवढी नेमकी आणि फुकटात होणारी सुधारणा मी दुसरी बघितलेली नाही. ती सुचवणाऱ्या बायका रोज हाताने तो कचरा उचलत होत्या.

तू शेवटी जाताना म्हणालास की यावर प्रोजेक्ट करायचा आहे. कर. फक्त रॉकेटऐवजी तुझ्या शॉपचा केक घे. सलग पंधरा दिवस, रोज पहिल्या आणि शेवटच्या प्रेसमधून शंभर-शंभर ग्रॅमचे नमुने काढ, रात्रभर ओव्हनमध्ये ठेव, सकाळी वजन लिही. प्रेसचा दाब आणि चुना किती टाकला तेही शेजारी लिही. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे चुना गरजेपेक्षा जास्त पडतो, त्यामुळे गाळ फुगतो आणि प्रेसला घाई होते. दाब आणि चुना ताळ्यावर आला तर रांजणगावला जाणाऱ्या पाच गाड्यांतली एक तरी कमी व्हावी. निकलच्या टाकीचं पाणी क्रोमच्या पाण्यात मिसळतं का, हे काकांना विचार. मिसळत असेल तर नळी कुठून वळवता येईल त्याचं स्केच काढ. वेगळ्या काढलेल्या निकलच्या गाळाला घेणारे पुनर्चक्रीकरणवाले मिळतात, मिसळलेल्याला कुणी हात लावत नाही.

नव्वद दिवसांच्या आत माल बाहेर काढायचा नियम आहे आणि तुमच्या शेडमधली तारीख मी बघितली आहे, पुढची गाडी २७ ला भरेल. त्याच्या आधी एकदा येते. ओव्हनच्या खोलीत चष्मा आणि हातमोजे घालूनच जा, आणि वही शाईच्या पेनाने लिही.